ओलं वॉर्निश

गाडीच्या हेडलाईटला टूथपेस्ट लावून घासणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी. शहाद्याच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर, वर्षानुवर्षं पोरांना प्रकाशाचं अपवर्तन शिकवलेलं, आणि एका रविवारी सकाळी दारासमोर उकिडवा बसून मी गाडीचे दात घासत होतो. स्टाफरूममध्ये एकाने छातीठोक सांगितलं होतं, "सर, पांढरी पेस्ट घ्या, निळी नको." मी पांढरी घेतली. बायको दारात येऊन दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "आता चूळ पण भरायला लावा तिला."

गाडी जुनीच घेतलेली होती. पांढरी, गुजरात पासिंगची. आमच्या घराण्यात बैलगाडी होती, ट्रॅक्टर होता, एक फटफटी होती. पण दार लावून आत बसायची गाडी ही पहिलीच. इंजिन ठणठणीत होतं, सीटा बऱ्या होत्या, फक्त पुढचे दोन्ही दिवे पिवळे, दुधाळ झाले होते. आधीच्या मालकाने ती कायम उन्हात उभी केली असणार. आमच्याकडे अंगणात राहिलेली प्लास्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत कडी लावतो तिथून फाटते, मग हेडलाईटचं काय घेऊन बसलात. माझ्या टूथपेस्टने दिवे झकास चमकले. आठ दिवस. नवव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न, आणि वर बोनेटला पुदिन्याचा वास.

मग कुणीतरी नंदुरबारच्या चाचांचं नाव काढलं. चाचांचे वडील आणि आजोबा तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे, पॉलिश मारायचे. भांडी स्टीलची झाली तसे चाचा मोटारींकडे वळले. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची टपरी, बाहेर पाण्याची बादली, आणि आत एक बफ मारायचं मशीन. दसरा दोन दिवसांवर आला होता आणि मला दसऱ्याला गाडी नव्या नवरीसारखी दिसायला हवी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गाडी घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

चाचांनी दिव्यावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, इसको ब्रश कराया क्या?"

मी स्टूल ओढून बसलो.

त्यांचं काम मी अडीच तास स्टुलावर बसून पाहिलं. दिव्याच्या कडेने पत्र्याला चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाला ओरखडा नको. मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग त्याहून मऊ, मग त्याहून मऊ. पहिल्या पेपराने दिवा इतका पांढरा झाला की माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटलं, होता तोही गेला. चाचा म्हणाले, "घबराव मत. पहले बिगडता है, फिर बनता है." पिवळं पाणी ओघळून खाली जात होतं. मध्येच ते शिंकायला लागले. आमची कॉलनी शहाद्याला, पण त्या आठवड्यात एका कामासाठी मी रोज नंदुरबारला येत होतो आणि गाडी मिरचीच्या पथारीपाशी लावत होतो. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान, नजर जाईल तिथवर लाल. गाडीच्या फटीफटीत मिरचीची धूळ बसली होती. पाणी लागल्यावर तीही वाहायला लागली.

शेवटी मशीनने बफ मारला आणि दिवा नितळ झाला. आतला बल्ब, आतली चांदीसारखी वाटी, सगळं लख्ख दिसायला लागलं. मी उठलोच. चाचांनी हाताने मला खाली बसवलं. "अभी नहीं हुआ." जुनं कवच घासून टाकलं, आता नवं घालायला हवं, नाहीतर दोन महिन्यांत पुन्हा पिवळं. त्यांनी एका बाटलीतून वॉर्निशसारखं काहीतरी मऊ कपड्याच्या घडीवर घेतलं आणि एका दिशेने, एका दमात, दोन्ही दिव्यांवर फिरवलं. मग मला समोर उभं करून, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, "कल शाम तक हाथ नहीं लगाना. किसी को लगाने नहीं देना. घर में बोल देना."

मी मान डोलावली. आणि घरी कुणाला एक अक्षर बोललो नाही. विसरलो. दसऱ्याची घाई, बाजारात झेंडूची फुलं, नारळ, उसाचं कांडं, आणि घरी आक्का येऊन बसलेली. डोक्यातून निघून गेलं ते निघूनच गेलं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला खापरला दिली होती, अक्कलकुव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळ. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी तिचा नवरा काविळीने गेला. तेव्हा ती तीन वर्षं माहेरी येऊन राहिली, आणि ती तीन वर्षं माझ्या दहावी-बारावीची होती. पहाटे मला उठवायचं, माझ्यासमोर बसून रहायचं, मी पेंगलो की पाण्याचा हबका मारायचा, ही सगळी ड्युटी तिची. मी मास्तर झालो त्यात मायबापाचा वाटा आहेच, पण हबके आक्काचे आहेत. पुढे ती खापरला परत गेली आणि सासरच्या ओट्यावर पिठाची गिरणी चालवायला लागली. अजून चालवते. पट्टा तुटला तर स्वतः जोडते, जात्याला टाकी लावायला, म्हणजे दगड खडबडीत करायला, माणूस आला तर त्याच्या डोक्यावर उभी राहते.

पण हळदी-कुंकवाच्या बाबतीत ती स्वतःच मागे सरायची. कुणी सांगायची गरज नव्हती. बारशाला, लग्नाला, पूजेला ती स्वयंपाकघरात नाहीतर शेवटच्या रांगेत. आमच्याकडे ते कुणाला खटकायचं नाही. मलाही नाही, खरं सांगतो. माझ्या बायकोला खटकायचं. ती नाशिककडची, आणि तिचं तोंड गप्प बसत नाही. ती दरवर्षी म्हणायची, "आक्का, यंदा तुम्ही पुढे या." आणि आक्का दरवर्षी हसून आमच्या अहिराणीत म्हणायची, "माले बठू दे इठेच."

त्या दसऱ्याला सकाळी कॉलनीतल्या बायका आमच्या दारात जमल्या. पहिली गाडी ना. बायकोने बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आरती ओवाळली. मी मागच्या बाजूला झेंडूची माळ बांधत होतो. सुतळी आखूड पडली म्हणून आत गेलो. तेवढ्या वेळात बायकोने पूजेचं ताट आक्काच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दिव्यांना तुम्ही लावा. तुमच्या भावाची गाडी आहे, तुम्ही नाही तर कोण लावणार?" आक्का नाही म्हणाली. बायकोने हट्ट धरला. आक्का पुन्हा नाही म्हणाली, पण हसत. हे सगळं मला नंतर कळलं.

मी सुतळी घेऊन बाहेर आलो तेव्हा आक्का उजव्या दिव्यापुढे वाकली होती. हळदीचं बोट लावून झालं होतं. कुंकवाचं बोट दिव्यावर होतं. तीस वर्षांनी तिने पूजेसाठी, चारचौघींत, कुंकवात बोट बुडवलं होतं. तिच्या तोंडावर लहान मुलीसारखा आनंद होता. तो मी पाहिला. पाहिला, आणि त्याच क्षणी मला चाचा आठवले.

"अगं ए! हात काढ! कुणी सांगितलं तुला?"

हे मी ओरडलो. सगळ्या कॉलनीसमोर, वर्गात ओरडतो त्या आवाजात. आक्काने बोट काढलं. दिव्यावर हळद-कुंकवाचा ठसा उमटला होता, बोटाच्या रेघांसकट, वॉर्निशमध्ये रुतलेला. माझा पारा असा चढला की मला काही सुचेना. डिकीत चाचांनी चिकटपट्टीचा डिंक पुसायला दिलेलं फडकं होतं, थिनर लागलेलं. ते काढलं, तिच्यासमोर वाकलो आणि ते कुंकू घासून घासून पुसून टाकलं.

मग शेजारची म्हातारी, तोंडाला पदर लावून पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली, "बरं कयं मास्तर, पुसी टाकं. नवी गाडी शे."

दोन-तीन बायकांनीही बरं केलं म्हणून माना हलवल्या. आक्काच्या हातात ताट होतं. ते तिने बायकोच्या हातात दिलं, कुंकवाचं बोट पदराला पुसलं आणि आत गेली. मी फडक्याची घडी घालत उभा राहिलो.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. "वॉर्निश ओलं आहे, म्हणून." एवढंच. चार शब्द. मी बोललो नाही.

आक्का दुपारी जेवली, सोनं वाटलं, मला आपट्याचं पान दिलं, आणि संध्याकाळच्या एसटीने खापरला गेली. दोन दिवस राहणार होती. मी म्हटलं, गाडीने सोडतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माले एसटीच बरी." ती गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"ज्या बाईचं कुंकू लोकांनी एकदा पुसलं, तिच्यासमोर तुम्ही परत पुसलंत. कळतंय का काही?"

"अगं, वॉर्निश ओलं होतं. तिला वाटलं असेल तसं, पण माझ्या मनात तसलं काही..."

"मग जा आणि सांगा तिला."

"सांगेन ना. फोन करतो उद्या."

दुसऱ्या दिवशी मी फोन केला आणि हवापाण्याचं बोललो. तिसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो.

चाचांनी उजवा दिवा पाहिला आणि कपाळावर हात मारला. मी घडलं ते सांगितलं. बहिणीने ओल्यात बोट लावलं, डाग पडला, मी तिच्यावर ओरडलो. चाचा म्हणाले, "मास्तर, उंगली का दाग पाच मिनिट का काम था. इतनासा घिसता, इतनासा लगाता. ये तुमने जो थिनर का कपडा मारा ना, उससे पूरा गया." खरंच, सगळा दिवा सुरकुतला होता, दुधावर साय धरावी तसा. त्यांनी तो पहिल्यापासून केला. पुन्हा पेपर, पुन्हा पाणी. पेपराखालून अगदी थोडं तांबूस पाणी आलं आणि बादलीत गेलं. मी बघत होतो. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे लिहिताना लाज वाटते. दिवा पुन्हा डाव्यासारखा झाला, एवढ्याचंच समाधान होतं.

त्यानंतर आक्का दसऱ्याला आली नाही. कधीच नाही. दिवाळीत यायची. एसटीने यायची, एसटीने जायची. बसस्टँडपर्यंत सोडतो म्हटलं तरी, "रिक्षा शे ना." गाडीत ती आजवर बसलेली नाही. आणि पहिल्याच भाऊबीजेला मी पाटावर बसलो, तर तिने माझ्या मुलीला हाक मारली आणि म्हणाली, "टिळा तू लाव बाबाले." मुलीने टिळा लावला, मग आक्काने ओवाळलं. त्याआधी इतकी वर्षं टिळा तीच लावायची. भावाला लावताना तिने कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. मी पाटावर बसून होतो, दिव्याचा उजेड तोंडावर, आणि मी तेव्हाही काही बोललो नाही. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. दरवर्षी असंच. दरवर्षी मी ठरवायचो की यंदा सांगायचं, आणि दरवर्षी म्हणायचो, सणासुदीला कशाला जुनं उकरा. असं करत सात वर्षं गेली.

मनात मी माझा एक बचाव पक्का धरून ठेवला होता. की आक्काचा गैरसमज झाला. माझ्या मनात फक्त वॉर्निश होतं, तिला वाटलं तिच्या हाताचं. बिचारीला ठाऊक नाही. एकदा सांगितलं की संपलं. हा बचाव इतका सोयीचा होता की मी तो वापरायचीही घाई केली नाही.

यंदाच्या गळीत हंगामात, दिवेलागणीच्या वेळी, मी आणि बायको नंदुरबारहून येत होतो. प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडला आणि पुढे उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. तिला मागे दिवा नव्हता, आणि माझे दिवे आता पुन्हा पिवळे, आंधळे झाले होते. ब्रेक कचकचून दाबला. ऊस बोनेटपासून हातभर होता. बायको म्हणाली, "दिवे तरी करून आणा. आणि तेव्हापासून राहिलेलं दुसरं काम पण." कुठलं काम ते मी विचारलं नाही.

चाचा आता थकले आहेत. हात थरथरतो, पण पेपर हातात आला की थरथर थांबते. दिवे घासता घासता त्यांनी विचारलं, "बहन कैसी है?" एवढी वर्षं झाली, त्यांच्याकडे हजार गाड्या आल्या असतील, त्यांना माझी बहीण आठवत होती.

"बरी आहे."

"बताया उनको? गीला था करके?"

मी नाही म्हटलं. चाचांनी पेपर बादलीत टाकला, हात पुसले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघायला लागलो.

मला काय सुचलं देव जाणे. मी म्हटलं, "चाचा, वरचं लावू नका. बाटलीत द्या. मी खापरला जाऊन लावतो."

"धूल बैठेगी. दाग पडेंगे."

"पडू देत."

त्यांनी दिलं. कपड्याची घडी कशी धरायची, हात कसा एकाच दिशेने न्यायचा, परत फिरवायचा नाही, हे तीनदा करून दाखवलं. मी तळोदा, अक्कलकुवा करत खापरला पोचलो तेव्हा दुपार होती. आक्काची गिरणी चालू होती आणि ओट्यावर तीन बायका दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. मी गाडी ओट्यासमोर लावली, आक्काला हात केला आणि काही न बोलता दिव्यांवर वॉर्निश फिरवायला लागलो. उजव्या दिव्यावर हात हलला आणि एक रेघ राहिली. आक्का पिठाने पांढरी झालेली बाहेर आली.

"हाई काय करी ऱ्हायना तू? च्या पेस का?"

मी खिशातून कुंकवाची पुडी काढली. घरून आणली होती. "आक्का, दिव्याले कुंकू लाव. तुन्हा हातनं."

ती पुडीकडे बघत राहिली. मग दिव्याकडे वाकली, वास घेतला आणि म्हणाली, "कोरडं व्हऊ दे. नही ते डाग पडी."

"पडू दे. ओलंच लाव. म्हणून तर ओलं आणलं." आणि मग मी भडाभडा सगळं सांगायला लागलो. त्या दिवशी असंच ओलं होतं, चाचांनी बजावलं होतं, मी घरात सांगायला विसरलो, चूक माझी, मी ओरडलो तो वॉर्निशसाठी, तुझ्या हातासाठी नाही, तुझा गैरसमज...

"माले म्हाईत व्हतं रे," आक्का म्हणाली.

मी थांबलो.

"हात लावताच कळनं. चिकट लागनं ना. वास बी उना. गिरणीले रंग देतस तवय असाच वास येस." ती आत गेली, बटण दाबून गिरणी बंद केली आणि पुन्हा बाहेर आली. गिरणी बंद झाल्यावर इतकं शांत झालं की ओट्यावरच्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. "माले म्हाईत व्हतं. त्या बायास्ले म्हाईत नव्हतं. ती डोकरी बोलनी, तू आयकं. तू त्यास्ले एक डाव सांगता, का रंग वला शे, बस व्हतं. तू फडकानी घडी करी ऱ्हायनता."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो, भांडलो असतो. ती जणू पट्टा कुठे झिजला ते दाखवत होती.

त्या क्षणी माझा सात वर्षांचा बचाव गेला. तिचा गैरसमज झालाच नव्हता. तिला सगळं समजलं होतं, मला जितकं समजलं होतं त्याहून जास्त. आणि आता खरं बोलायचं तर तेही बोलतो. म्हातारी जेव्हा म्हणाली, "नवी गाडी शे", तेव्हा माझ्या मनात कुठेतरी, अगदी कोपऱ्यात, हुश्श झालं होतं. पहिली गाडी, लेकराबाळांना घेऊन रस्त्यावर फिरणार. बरं झालं पुसलं गेलं. हो, मला, विज्ञानाच्या मास्तरला. ओरडलो ते वॉर्निशसाठी, ते खरं आहे. गप्प बसलो ते वॉर्निशसाठी नाही. ज्या बाईने मला पाण्याचे हबके मारून शिकवलं, तिच्या हाताची मला एक क्षण भीती वाटली, आणि ती आक्काला माझ्या तोंडावर दिसली असणार. तिने मला लहानपणापासून वाचलेलं आहे.

मी पुडी पुढे धरूनच उभा होतो. तिने ती घेतली, दुमडली आणि परत माझ्या खिशात ठेवली. माझ्या शर्टावर पिठाचा हात उमटला.

"घर जाईसन बायकोले दे. बठ, च्या ठेवस."

चहा झाला. तिने शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, मुलीची चौकशी केली. गाडीत बस, अक्कलकुव्यापर्यंत फिरवून आणतो म्हटलं तर म्हणाली, "दळण पडेल शे." मी निघालो तेव्हा कडक उन्हाने वॉर्निश वरवर वाळलं होतं. बोट हलकेच टेकवून पाहिलं, काही उमटलं नाही.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्यांना सांगा. ज्यांना सांगायचं होतं त्यांना." मी त्याच संध्याकाळी निघालो. सात वर्षं उशिरा, पण निघालो. कॉलनीत त्या दिवशी जमलेल्यांपैकी शेजारची म्हातारी तर कधीच वारली आहे. एक घर सुरतेला गेलं. उरल्या चार जणी. मी चौघींच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, की त्या दसऱ्याला मी माझ्या बहिणीवर ओरडलो, गाडीवरचं कुंकू पुसलं, ते फक्त रंग ओला होता म्हणून. तिच्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता.

पहिली म्हणाली, "कोणता दसरा, सर?" दुसरीने मला पाणी दिलं आणि तब्येत बरी आहे ना विचारलं. तिसरीला माझी बहीण आहे हेच आठवेना. चौथी बराच वेळ आठवून म्हणाली, "हो का? असेल बाई. आम्ही तर विसरूनसुद्धा गेलो." आणि हसली. वाईट मनाने नाही. तिला खरंच आठवत नव्हतं. ज्या माना हलल्या होत्या त्यांना आपण हलल्याचं माहीत नव्हतं. त्या चौघींसाठी ते दोन मिनिटांचंही नव्हतं. आणि त्या दोन मिनिटांसाठी माझी बहीण सात वर्षं एसटीने फिरत होती आणि माझ्या कपाळाला टिळा लावत नव्हती.

मी घरी येऊन आक्काला फोन लावला. मागे गिरणीचा आवाज होता. मी मोठ्याने म्हटलं, "आक्का, सांगी दिन्हं मी. समद्यास्ले सांगी उनू. रंग वला व्हता म्हनीसन."

गिरणी बंद झाली. तिने बटण दाबलं होतं.

"काय बोलन्यात मंग त्या?"

तिने हे पटकन विचारलं, आशेने. म्हणजे ती वाट बघत होती. खापरच्या ओट्यावर मला चहा पाजताना, पुडी परत देतानासुद्धा ती याचीच वाट बघत होती. आणि माझ्याकडे तिला द्यायला काय होतं? की त्या विसरल्या?

"म्हनन्यात, आम्हनं चुकनं," मी म्हटलं. "म्हनन्यात, आक्काले सांगा, आम्हले वाईट वाटनं."

खरं बोलायचे चार शब्द त्या दिवशी माझ्या तोंडातून निघाले नाहीत. खोटं कसं सटासट आलं. बायको समोर बसून माझ्याकडे बघत होती.

आक्का म्हणाली, "बरं." आणि थोडं थांबून पुन्हा, "बरं. ठेवस मी. दळण पडेल शे."